गाडी कुठवर पोचली? आमच्या गिऱ्हाइकांसाठी थोडी माहिती

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली की आमच्या ट्रान्सपोर्टच्या दुकानातला फोन रात्री अकरानंतरही थांबत नाही, सगळ्यांचा एकच सवाल, भाऊ गाडी कुठवर गेली. आता आम्ही बिल्टीसोबत (माल गाडीत भरल्याची पावती) मोबाईलवर एक लिंक पाठवतो, त्यात गाडीचा नंबर टाकायची पण गरज नाही, उघडली की दिसते. मागच्या महिन्यात बेनोड्याच्या एका काकांनी विचारलं की हे तुम्हाला दिसते तं मग सरकारलाही दिसते काय, अन् आमचा मालाचा भाव पण दिसते काय? सवाल बरोबर होता म्हणून हा कागद छापला.

पहिले हे समजून घ्या की गाडीची माहिती एका जागी नसते. गाडीचा फिटनेस, इन्शुरन्स, परमिट हे 'वाहन' नावाच्या सरकारी पोर्टलवर, ड्रायव्हरचं लायसन 'सारथी'वर, अन् टोल नाका ओलांडल्याची वेळ फास्टॅगच्या सिस्टीममध्ये. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून नॅशनल हायवेवर सक्तीचा झाला तेव्हापासून प्रत्येक नाक्यावर काचेवरचा तो स्टिकर वाचला जातो अन् वेळ नोंदली जाते. हे सगळे वेगवेगळे डबे, आधी कोणाला पाह्यजे असलं तं प्रत्येकाच्या दारात जाऊन उभं राहा. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं नॅशनल लॉजिस्टिक्स पॉलिसीसोबत 'युलिप' सुरू केलं, ते असं एक दार हाये की आतून या डब्यांपर्यंत रस्ता जातो. कंपनीला नोंदणी करावी लागते, माहिती कशासाठी पाह्यजे ते सांगावं लागते, मग मिळते. आम्ही लहान माणसं, आम्ही थेट तिथे नाही, ज्यांचं सॉफ्टवेअर आम्ही भाड्यानं घेतलंय ते तिथे नोंदलेले हायेत.

युरोपात हेच काम रस्त्याच्या बाबतीत बरंच पुढे गेलंय. तिथे २०१० च्या एका कायद्याच्या आधारानं प्रत्येक देशानं आपलं एक प्रवेशद्वार ठेवायचं असं ठरलं, जर्मनीचं 'मोबिलिटेक' नावाचं हाये, अन् रस्त्यावर काम चालू, अपघात, रस्ता बंद अशी माहिती 'डेटेक्स' नावाच्या एकाच साच्यात तिथून कोणालाही घेता येते. साचा एक असला की जर्मनीचा डेटा फ्रान्सच्या ॲपलाही वाचता येते, मुद्दा तोच हाये. आपल्याकडे रस्त्याची अशी माहिती एका जागी अजून नाही मिळत, मुलताईकडे रस्ता खोदलेला हाये हे आम्हाला अजूनही समोरून येणाऱ्या ड्रायव्हरकडूनच कळते! दिल्लीनं २०१८ मध्ये बसचा डेटा खुला केला, शेंदुरजना घाटच्या एसटीचा कधी होते ते पाहू बाप्पा.

आता तुमच्या कामाचं. गाडी पांढुर्ण्याहून बैतूलकडे लागली की हायवेच्या टोल नाक्यांवर नोंद होते, पण वावरापासून वरूडपर्यंत अन् वरूडहून हायवे लागेपर्यंत नाका नाही तं नोंदही नाही. अन् ताज्या फळांना ई-वे बिल (माल नेताना काढायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, म्हणजे संत्र्याच्या गाडीचा तोही माग नसते. म्हणून आम्ही गाडीत आपलं जीपीएस लावलंय. घाटात रेंज जाते, तेव्हा लिंकवरचा ठिपका तास-दोन तास एकाच जागी बसते, घाबरू नका, रेंज आली की यंत्र मागचे ठिपके एकदम पाठवते. ड्रायव्हरला त्या वेळी अकरा-अकरा फोन लावू नका, तो चालवत असते.

नाक्याच्या वेळेचा खरा फायदा पट्टीच्या वेळी, म्हणजे अडत्या विक्रीचा हिशेब देते तेव्हा होते. मागच्या हंगामात एका मंडीतला अडत्या म्हणाला गाडी उशिरा आली म्हणून भाव पडला, आम्ही शेवटच्या नाक्याची वेळ काढून दाखवली, गाडी पहाटे चारच्या आधी शहराजवळ होती, मग पट्टी दुरुस्त झाली. तोंडी भांडणात हे कधीच नसतं झालं.

तुमचं काय बाहेर जाते? तुमचं नाव, मोबाईल नंबर, कॅरेट किती, भाव किती, यातलं काहीच आम्ही कोणत्याही पोर्टलवर टाकत नाही, टाकायला जागाच नाही तिथे. हे आमच्या वहीत अन् बिल्टीत. गाडीचा नंबर अन् वेळ एवढंच सिस्टीममध्ये फिरते. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आलाय तं आम्ही बिल्टीवर एक सही घेतो की नंबर फक्त लिंक पाठवायला वापरू, सही नाही केली तरी माल जाईल, लिंक जाणार नाही. माल उतरला की लिंक बंद, काहून की त्यानंतर तो ड्रायव्हरचा आपला वेळ हाये, तो कुठे जेवला ते आपल्याला काहून पाह्यजे?

एक काम मात्र तुम्हीच करा, आमची गाडी असो की दुसऱ्याची. माल भरायच्या आधी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसेल पण फिटनेस अन् इन्शुरन्सची तारीख दिसते. तारीख संपली असली तं एकही कॅरेट चढवू नका, रस्त्यात अपघात झाला तं मग कोणाकडे मागाल? नॅशनल हायवेवर गाडी बंद पडली तं १०३३ लावा, चोवीस तास चालू असते.

लिंक उघडत नसली तं मोबाईल घेऊन दुकानावर या. सकाळी नऊपर्यंत गाड्या भरायची गडबड असते, त्यानंतर आलं तं नीट दाखवता येईल.