हित आणि हक्क: एकाच कपाटातली दोन पुस्तकं

देवगड तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचन मंडळात पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचं ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ (1975) आणि टॉम रेगन या तत्त्वज्ञाचं ‘द केस फॉर अ‍ॅनिमल राइट्स’ (1983) ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. मागणारा म्हणतो, “ते प्राण्यांच्या हक्कांवरचं द्या.” मग दोन्हींपैकी जे हाताला लागेल ते दिलं जातं. दोन्ही वाचलेला माणूसही पुष्कळदा एकाचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर सांगतो. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, तरी बरीच वर्षं हीच चूक करत होतो.

पहिली गोष्ट अशी, की सिंगरचं पुस्तक मुळात हक्कांचं नाहीच. ‘हक्क’ हा शब्द त्याला राजकारणात बोलायला सोयीचा वाटतो, एवढंच. त्याचा पाया आहे हित. जेरेमी बेंथम या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1789 साली विचारलं होतं, की प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येतं का हे सोडा, त्यांना यातना होतात का ते बघा. सिंगर तिथूनच सुरुवात करतो. ज्याला दुखतं त्याला हित असतं. सारख्या दुखण्याला सारखंच वजन द्यायचं, मग ते माणसाचं असो की डुकराचं. केवळ आपल्या प्रजातीचा नाही म्हणून कुणाचं दुःख हलकं मोजणं याला रिचर्ड रायडर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1970 साली नाव दिलं होतं. आपण त्याला प्रजातिभेद म्हणू. सिंगरनं ते जगभर पोचवलं.

आता दुखतं कुणाला? 1975 च्या आवृत्तीत सिंगरनं रेषा आखली ती कोळंबी आणि कालवं यांच्या मध्ये कुठेतरी. हे पान मी मंडळात वाचून दाखवलं तेव्हा ओहोटीला खडकावरून कालवं काढणाऱ्या आमच्या एक काकू एकदम सावरून बसल्या. हा लांबचा तत्त्वज्ञ त्यांच्या टोपलीबद्दल बोलत होता. 1990 च्या आवृत्तीत त्यानं ती रेषा मागे घेतली. कालवांना दुखत नाही याची खात्री देता येत नाही, तर न खाल्लेलीच बरी, असं तो म्हणाला. काकूंना हे पटलं नाही. पण पुरावा बघून माणूस आपली रेषा हलवतो, हे त्यांना आवडलं.

रेगन दुखण्यापाशी थांबत नाही. तो विचारतो, हे आयुष्य कुणाचं? ज्याला इच्छा आहेत, आठवण आहे, उद्याची काही जाणीव आहे, ज्याचं बरंवाईट त्याच्यापुरतं खरं आहे, तो स्वतःच्या आयुष्याचा धनी. अशा प्रत्येकाला स्वतःचं मोल असतं, ते कमीजास्त होत नाही आणि दुसऱ्याच्या फायद्यासाठी ते खर्ची घालता येत नाही. एक वर्षावरचे सस्तन प्राणी या व्याख्येत निःसंशय बसतात, असं तो मानतो. म्हणजे बैल, कुत्रा, तारकर्लीसमोर उसळणारा डॉल्फिन. काठावरच्यांना संशयाचा फायदा द्यावा, असं त्याचं म्हणणं. गांधीजींच्या वाचनानं तो शाकाहाराकडे वळला. पुस्तकातला ताठपणा मला तरी तिथलाच वाटतो.

दोघंही मांसाहाराच्या विरोधात, दोघंही बहुतेक प्रयोगांच्या विरोधात. मग फरक पडतो कुठे? माझ्या घरात तो फुरशापाशी पडला.

आमच्या धाकट्या काकांना सड्यावर गवत कापताना फुरसं चावलं. जांभ्याच्या दगडाखाली होतं. तालुक्याच्या दवाखान्यात लस मिळाली आणि काका वाचले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी ही लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या झालं. घोड्याला विषाचा अगदी थोडा डोस टोचतात, तो हळूहळू वाढवतात. घोड्याच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार झाली की रक्त काढतात. लस किती जोरकस आहे ते उंदरांवर तपासलं जातं, आणि त्यात उंदीर मरतात.

सिंगरच्या मापानं इथे हिशेब मांडावा लागतो. वाचलेली माणसं किती, घोड्याला आणि उंदरांना यातना किती, दुसरा मार्ग आहे का. हिशेब प्रामाणिक आहे की नाही याची त्याची कसोटी फार कठोर आहे: मेंदूला कायमची इजा झालेल्या अनाथ मुलावर तुम्ही हाच प्रयोग केला असता का? नसेल, तर उंदरावर करणं हा प्रजातिभेद. हा दाखला मला आजही बोचतो. अशा मुलांच्या आईबापांनी तो वाचताना काय वाटून घ्यायचं? पण दार पूर्ण बंद नाही. एखादा प्रयोग या कसोटीला उतरू शकतो.

रेगन दार बंद करतो. काका वाचले हे खरं, पण त्यामुळे उंदीर साधन ठरत नाही. फायदा कितीही मोठा असला तरी तो हक्काविरुद्ध मोजायचाच नाही. विज्ञानानं दुसरी वाट शोधावी, असं तो म्हणतो. प्रयोगशाळांमधला प्राण्यांचा वापर त्याला कमी करायचा नाही, संपवायचा आहे.

आपला कायदा या दोघांच्याही आधीचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्यात प्रयोगांना परवानगी आहे, वर देखरेखीची समिती आहे. शक्य तिथे मोठ्या प्राण्याऐवजी ससा, गिनीपिग, बेडूक, उंदीर वापरावा, असंही त्यात आहे. रेगन इथेच हरकत घेईल, कारण उंदीरही आपल्या आयुष्याचा धनीच. दोन ब्रिटिश शास्त्रज्ञ, रसेल आणि बर्च, यांनी 1959 साली सांगितलेली त्रिसूत्री मात्र या कायद्याच्या वळणाची आहे: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा.

कॉलेजात मी मुलांना बेडूक चिरायला शिकवलं. मेणाच्या ट्रेमध्ये चारी पाय टाचणीनं ताणलेला बेडूक अजून डोळ्यांसमोर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2011 साली विच्छेदन टप्प्याटप्प्यानं कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये ते थांबवायला सांगितलं. गंमत अशी, की इथे सिंगरचं माप जास्त सरळ चालतं: प्रतिकृतीवरून तेच शिकता येतं, मग त्रास कशासाठी? बेडूक सस्तन नाही, त्यामुळे रेगनला संशयाचा फायदा मध्ये आणावा लागतो.

चळवळ कशी करायची यातही हा फरक उतरतो. हेन्री स्पायरा हा कार्यकर्ता न्यूयॉर्कमध्ये सिंगरच्या वर्गात बसला. 1976 साली त्यानं तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातल्या मांजरांवरच्या प्रयोगांविरुद्ध आंदोलन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते बंद पाडले. पुढे सशांच्या डोळ्यांत रसायन घालण्याच्या चाचणीवरून त्यानं रेव्हलॉन कंपनीला गाठलं, आणि कंपनीनं पर्यायी चाचण्यांच्या संशोधनाला साडेसात लाख डॉलर दिले. एकच कंपनी, एकच चाचणी, जिंकता येईल अशी मागणी. रेगनच्या वाचकाला हे अपुरं वाटतं. पिंजरे मोठे करू नका, रिकामे करा, हे त्याचं म्हणणं.

अलिबागच्या बाजूला वाळूवर बैलगाड्या धावतात. त्यांच्याबद्दल न्यायालयात जे झालं त्यातही हीच ओढाताण दिसते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा निकालाची भाषा हक्कांकडे झुकलेली होती, प्राण्याच्या प्रतिष्ठेची होती. 2023 च्या घटनापीठानं प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा पूर्वाधार नाही असं म्हटलं आणि नव्या नियमांनी यातना पुरेशा कमी होतात म्हणून शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा टिकवला. ही हितवाल्यांची भाषा झाली, पण सिंगर काही खूश होणार नाही. करमणुकीसाठी दिलेला थोडा त्रासही त्याच्या तराजूत जड भरतो.

म्हणून आता मंडळात कुणी “ते हक्कांवरचं” मागितलं, तर मी आधी विचारतो, काय करायचं आहे? अर्ज, निवेदन, एखाद्या प्रयोगशाळेविरुद्ध तक्रार अशी कामं असतील तर सिंगर देतो. वाद घालताना समोरचा “पण त्यानं माणसं वाचतात ना!” म्हणाल्यावर गप्प व्हायला होत असेल, तर रेगन देतो. काकांनी दोन्ही वाचली. लसीच्या घोड्यांचं पुढे काय करतात, ते म्हातारे झाल्यावर कुठे जातात, एवढंच त्यांनी मला विचारलं, आणि ते मी अजून शोधतो आहे.