वेकसर्फिंग आणि वेकबोर्डिंग: फरक दोरीचा, पण धोका इंजिनाचा

दोन्हीत माणूस बोटीमागे फळीवर उभा असतो, त्यामुळे सुट्टीचे बेत आखताना ही दोन नावं सर्रास गल्लत करून वापरली जातात. वेकबोर्डिंगमध्ये शेवटपर्यंत दोरीच ओढते. वेकसर्फिंगमध्ये दोरी फक्त उभं राहण्यापुरती. पुढे बोटीमागची लाट ढकलते आणि हँडल सोडून द्यायचं.

वेकबोर्डर साधारण 20 मीटर मागे, ताशी 30 ते 37 किमी वेगात, पाय बोर्डवरच्या बुटांत घट्ट. कड पाण्यात रुतली की सणकून आपटतो. वेकसर्फरचे पाय मोकळे, बोर्डखाली फिन (माशाच्या कल्ल्यासारखी पट्टी), वेग 16 ते 19 किमी आणि दोरी जेमतेम 6 मीटर. पडणं सौम्य, पण बोट अगदी पुढ्यात. म्हणून पंखा तळाखाली असलेली इनबोर्ड बोटच हवी. आउटबोर्डमागे वेकसर्फिंग करायचं नाही, म्हणजे नाहीच! त्याचा पंखा मागे उघडा फिरतो. उजनी धरणावर इंजिन मागे टांगलेली बोट दिसली, तर ती या कामाची नाही. इनबोर्डमागेही धुराचा वास आला की बाजूला व्हा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड जवळच्या माणसाला भोवतो.

लाट उठवायला बोटीत रायडरच्या बाजूला पाण्याच्या पिशव्यांचं वजन टाकतात. बघणारी मंडळी फोटोसाठी दुसरीकडे सरकली की लाट फेसाळून मोडते.

वेकसर्फिंगमध्ये उठताना उताणं तरंगा, टाचा बोर्डच्या कडेवर, गुडघे छातीशी, हात सरळ. बोट हळूहळू ओढू लागली की टाचा दाबा. बोर्ड वर उठून तळव्यांना लागतो. इथे नवखा हँडल छातीकडे खेचतो, घाईने उभा राहतो आणि बोर्ड निसटतो. उभं राहिल्यावर पुढच्या पायावर भार दिला की वेग वाढतो, मागच्यावर दिला की कमी होतो. दोरी सैल राहू लागली की हँडल बाजूला टाका. मनगटाला वेढा कधीच नको.

उजनीत उन्हाळ्यात पाणी उतरतं, बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात, जाळीही असतात. वळवाचा वारा तर सांगून येत नाही. जलसंपदा विभागाची परवानगी आणि माहीतगार नावाडी नसेल तर बोट उतरवू नका.

वेकबोर्डिंग मात्र बोटीशिवायही शिकता येतं: पटाया, फुकेतच्या केबल पार्कमध्ये वरची विजेवर चालणारी तार ओढते. तिथे लाटच नसते, त्यामुळे पॅकेजवर ‘केबल’ लिहिलं असेल तर त्यात वेकसर्फिंग नाही.