डिजिटल दंतकॅपमधील धातूचे कोपिंग

दाताच्या सिरॅमिक कॅपच्या आत धातूचे पातळ टोपण असते, त्याला कोपिंग म्हणतात. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर. त्यावर पोर्सेलिनचे थर एकेक करून भट्टीत भाजले की दाताचा रंग आणि आकार येतो. तापल्यावर धातूइतकेच प्रसरण पावणारे पोर्सेलिन हाती येईपर्यंत हे जमत नव्हते. १९६२ सालच्या अमेरिकी पेटंटांनी तो प्रश्न सोडवला आणि ही पद्धत जगभर रुळली. पूर्वी कोपिंग मेणात कोरून ओतीव पद्धतीने करत. आता दाताचे माप स्कॅनरने घेतात, आकार संगणकावर ठरतो आणि धातूचे काम यंत्र करते.

सोलापुरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्याही दवाखान्यात रूट कॅनलनंतर कॅपचे दर विचारले, तर ‘मेटल, सिरॅमिक, डीएमएलएस, झिरकोनिया’ अशी चढती भाजणी ऐकू येते. यातले डीएमएलएस म्हणजे लेझरने धातूची भुकटी थरावर थर वितळवून वस्तू घडवण्याची रीत. आत कोणता मिश्रधातू आहे, हे त्यावरून कळत नाही. बहुतेक वेळा तो कोबाल्ट-क्रोमियम असतो, पण बिलावर तसे लिहिलेले क्वचितच दिसते. झिरकोनिया ही मात्र धातूऐवजी वापरायची पांढरी सिरॅमिक. खरे तर घडवण्याची रीत आणि मिश्रधातू यांची निवड एकत्रच करावी लागते, कारण प्रत्येक रीतीला प्रत्येक धातू मानवत नाही.

लेझर यंत्र महाग असते आणि एका तबकावर पुष्कळ कोपिंग एकदम निघाली तरच ते परवडते. म्हणून जिल्ह्याच्या गावातली छोटी लॅब सहसा स्कॅन आणि डिझाइन स्वतः करते, फाइल पुण्यासारख्या शहरातल्या लेझर छपाई केंद्राला पाठवते आणि पार्सलने आलेल्या कोपिंगवर पोर्सेलिन चढवते. भुकटीचे कण साधारण १० ते ४५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि प्रत्येक थर २० ते ५० मायक्रॉनचा असतो. थर झपाट्याने थंड होत असल्याने धातूत ताण साठतो. तबकावरून कापण्याआधी भट्टीत तो ताण घालवला नाही, तर लांब ब्रिज, म्हणजे जोडलेल्या कॅपची सलग रांग, वाकतो आणि दातांवर डुगडुगतो. छपाईत कोपिंगला तोलून धरणाऱ्या आधाराच्या काड्या चघळण्याच्या बाजूला लावायच्या. आतल्या पृष्ठभागावर किंवा कडेवर लावल्या तर त्या घासून काढताना माप बिघडते.

दुसरी रीत मिलिंगची, म्हणजे ९८ मिलिमीटर व्यासाच्या चकतीतून कोपिंग कोरून काढण्याची. कोबाल्ट-क्रोमियमची घट्ट चकती कोरायला दणकट यंत्र लागते आणि हत्यारे लवकर झिजतात. खडूसारखी मऊ चकतीही मिळते. ती कोरून अरगॉन वायूत भाजली की सुमारे दहा-अकरा टक्के आकसते, आणि संगणक तेवढा आकार आधीच वाढवून घेतो. कोरणाऱ्या हत्याराच्या टोकालाही जाडी असते. त्यामुळे कॅपसाठी घासलेल्या दाताला धारदार कोपरा राहिला असेल, तर तिथे जास्तीची पोकळी सोडावी लागते. लेझरला ही अडचण नाही. कॅप चिकटवणाऱ्या सिमेंटसाठी सॉफ्टवेअरमध्ये २० ते ५० मायक्रॉन जागा ठेवतात. दाताच्या कडेशी मात्र ती जवळपास शून्यावर आणतात. बसवलेल्या कॅपच्या कडेला १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालते, असा १९७१ पासूनचा दंडक आहे.

तिसरी रीत जुन्या-नव्याचा मेळ आहे. नमुना रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, छापायचा, तो साच्यात जाळायचा आणि धातू ओतायचा. सोन्याच्या मिश्रधातूंसाठी आजही मुख्यतः हीच सोयीची पडते, कारण मिलिंगमध्ये चकतीचा मोठा भाग चुऱ्यात जातो.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या १९८४ च्या वर्गवारीत किमान ६० टक्के मौल्यवान धातू आणि एकूण मिश्रधातूत किमान ४० टक्के सोने असेल तर तो अतिमौल्यवान गट, किमान २५ टक्के मौल्यवान धातू असेल तर मौल्यवान गट, आणि त्याखाली साध्या धातूंचा गट. २००३ मध्ये टायटॅनियमला वेगळा गट मिळाला. ‘घरचं वळं मोडून कॅप करून द्या’ अशी विनंती दंतवैद्यांना अधूनमधून होते, पण सराफाकडचे २२ कॅरेट सोने सिरॅमिक कॅपला चालत नाही. पोर्सेलिन ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजले जाते आणि दागिन्याचे सोने त्याच्या थोडेच वर वितळते, त्यामुळे कोपिंग भट्टीतच बसकण मारेल. शिवाय दागिन्यातल्या तांब्या-चांदीने पोर्सेलिनचा रंग बिघडतो. दंतकामाच्या सोन्यात प्लॅटिनम किंवा पॅलेडियम असते आणि पोर्सेलिन चिकटावे म्हणून कथिल, इंडियम यांचा अंश असतो.

साध्या धातूंत जुना निकेल-क्रोमियम स्वस्त आणि ओतायला सोपा. पण निकेलची ॲलर्जी अनेकांना, त्यातही स्त्रियांना अधिक, असते. त्यासाठी ‘नकली कानातलं घातल्यावर कान चिघळतो का, घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटते का’ हे दोन प्रश्न कॅपचे माप घेण्याआधी विचारायला हवेत. उत्तर ‘हो’ असेल तर निकेलचा विचार सोडून द्यावा. आयएसओ २२६७४ या मानकाप्रमाणे मिश्रधातूत ०.१ टक्क्याहून जास्त निकेल असेल तर ते वेष्टनावर सांगावे लागते, आणि बेरिलियम ०.०२ टक्क्याच्या वर चालत नाही. जुन्या काही निकेल मिश्रधातूंत ते दोन टक्क्यांपर्यंत असे.

डिजिटल कामात कोबाल्ट-क्रोमियम पुढे गेला, कारण लेझर आणि मिलिंग या दोन्ही रीतींत तो बसतो. त्यात साधारण ६० टक्के कोबाल्ट, २५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि बाकी मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन. क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर त्याला लाळेत गंजू देत नाही. हा धातू सोन्याच्या मिश्रधातूंच्या दुपटीहून ताठ आहे, म्हणून कोपिंग ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ करता येते आणि तीन-चार दातांचा ब्रिजही वाकत नाही. टायटॅनियम हलका आहे आणि एमआरआयच्या चित्रात कमी अडथळा आणतो. पण त्याचे प्रसरण बरेच कमी, त्यामुळे ८०० अंशांखाली भाजले जाणारे खास पोर्सेलिन लागते. त्याचा ऑक्साइड थर जाड झाला की पोर्सेलिन सुटते. नेहमीच्या कामाला तो त्रासच देतो.

सगळ्यात जास्त चुका प्रसरणाच्या मेळात होतात. कोबाल्ट-क्रोमियमचा प्रसरणांक अंशाला सुमारे १४ दशलक्षांश, आणि त्यावरच्या पोर्सेलिनचा त्याहून किंचित कमी. थंड होताना धातू थोडा जास्त आकसतो, पोर्सेलिन दाबाखाली राहते आणि तडकत नाही. झिरकोनियाचा प्रसरणांक साडेदहाच्या आसपास. एकाच कपाटात दोन्हींची पोर्सेलिन ठेवणाऱ्या लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल झाली, तर धातूवरचे काम लगेच नाहीतर काही महिन्यांनी तडकते.

पोर्सेलिनला खालून आधार हवा. दोन मिलिमीटरहून जाड, निराधार थर टवका होऊन उडतो. म्हणून संगणकावर आधी पूर्ण दाताचा आकार काढतात आणि मग पोर्सेलिनपुरता आत घेतात. सरळ सगळीकडे सारख्या जाडीचे टोपण काढणे सोपे, पण काम कच्चे. सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेल्या माणसाच्या खालच्या शेवटच्या दाढेला वर जागा कमी असेल, तर चघळण्याची बाजू उघड्या धातूची ठेवावी. ती दिसत नाही आणि टिकते. समोरच्या दातांना मात्र हिरडीपाशी धातूची काळी रेघ दिसू शकते. तिथे झिरकोनिया बरा.

युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२१ पासून कोबाल्टला कर्करोगकारक असण्याची शक्यता मानलेल्या पदार्थांच्या वरच्या वर्गात घातले आहे. तोंडात बसलेल्या कॅपपेक्षा घासताना उडणाऱ्या धुळीची काळजी इथे जास्त. छपाई पुण्यात झाली तरी आधाराच्या काड्या काढल्यानंतरची घासणी, कड बारीक करणे आणि ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा हे बरेचसे सोलापूरच्याच टेबलावर होते. धूळ खेचणारे यंत्र आणि घट्ट बसणारा मास्क तिथे असावा लागतो. पंख्याखाली घासले की धूळ खोलीभर फिरते.