मंत्रिजबाबदारी व राजीनामा

मंत्रिजबाबदारी व राजीनामा : स्वतःवर गैरव्यवहाराचा ठपका आल्यास किंवा खात्यात गंभीर चूक घडल्यास मंत्र्याने पद सोडावे, हा संसदीय शासनपद्धतीतील संकेत. मराठी वृत्तपत्रे यालाच ‘नैतिक जबाबदारी’ म्हणतात.

संकेताच्या उगमाविषयी एकमत नाही. ब्रिटनचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने कॉमन्स सभागृहातील पाठबळ संपताच १७४२ मध्ये पद सोडले, तेथून काही अभ्यासक आरंभ मानतात. मात्र तो गेला तो संख्याबळ आटल्यामुळे. साउथ सी कंपनीच्या समभागांच्या भावांचा फुगा फुटल्यावर (१७२०) दरबारी मंडळींना पाठीशी घातल्याचा ठपका त्याच्यावर दोन दशके होता आणि तरीही तो टिकला. दुसरे मत ब्रिटिश मंत्री हेन्री डंडास ऊर्फ लॉर्ड मेलव्हिल याच्या प्रकरणाकडे बोट दाखवते. नौदलाच्या पैशांवरून सभागृहाने निंदाव्यंजक ठराव केल्यावर १८०५ मध्ये त्याने पद सोडले. पुढच्या वर्षी महाभियोगातून तो निर्दोष सुटला. त्यानंतर ब्रिटनमध्ये महाभियोग चालला नाही. शिक्षेची जागा राजीनाम्याने साधारणतः याच सुमारास घेतली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संकेत पाळला जातो का, याविषयी राज्यशास्त्रज्ञ एस. ई. फायनर यांनी १९५६ मध्ये केलेली मांडणी आजही उपयोगी आहे : मंत्री नमता, पंतप्रधान कठोर आणि पक्ष संतप्त असेल, तरच राजीनामा होतो. तिन्ही गोष्टी क्वचितच जुळून येतात.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६४ (२) नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. वैयक्तिक जबाबदारीचे असे कलम नाही. मंत्र्याला ठेवायचे की काढायचे, हे व्यवहारात मुख्यमंत्री ठरवतो. आरोप खुद्द मुख्यमंत्र्यावर असेल तर प्रश्न अनुत्तरित राहतो.

मुंबईत या प्रश्नाचे उत्तर विधान भवनापेक्षा उच्च न्यायालयातून अधिक वेळा आले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले, त्याची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी केली. त्यांच्या अहवालानंतर फेब्रुवारी १९५८ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पद सोडले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. सिमेंट तेव्हा नियंत्रित होते, बांधकाम करणाऱ्याला ते सरकारी वाटपातून मिळे. हे वाटप आणि अंतुले यांनी स्थापलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये जोडला आणि अंतुले पायउतार झाले. १९८० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे २८८ पैकी १८६ आमदार निवडून आले होते. सभागृहात त्यांना कसलाच धोका नव्हता. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांनाही १९८६ मध्ये एम. डी. परीक्षेतील गुणबदलाच्या प्रकरणात न्यायालयाच्या निष्कर्षांमुळे जावे लागले. विरोधी बाकांवरच्या भाषणांनी यातला एकही राजीनामा घडवला नाही. सभागृहाचे हे दुबळेपण चिंतेचे आहे.

पक्षांतरबंदीच्या तरतुदींनी (५२ वी घटनादुरुस्ती, १९८५) हा दुबळेपणा वाढवला. पक्षादेश अर्थात व्हिप निघाल्यावर आपल्याच नेत्याविरुद्ध मत देणारा आमदार अपात्र ठरू शकतो. म्हणून ठपका असलेल्या नेत्याविरुद्धची नाराजी मतदानात उमटत नाही. ती दिल्लीच्या वाऱ्यांत किंवा रातोरात होणाऱ्या गटबाजीत उमटते. मंत्रिपदे वाटून नाराजांना शांत करणे ही जुनी युक्ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने आवळली. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंतच ठेवता येते, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. त्यामुळे उरलेल्यांसाठी महामंडळांच्या अध्यक्षपदांचे मोल वाढले.

राजीनामा म्हणजे कारकिर्दीचा शेवट, असे इथे सहसा होत नाही. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये पुन्हा मंत्री झाले आणि नंतर अर्थखातेही त्यांच्याकडे आले. अंतुले पुढे केंद्रात मंत्री होते. मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये गृहखाते सोडणारे आर. आर. पाटील पुढच्याच वर्षी, निवडणुकीनंतर, त्याच खात्यावर परतले.