जनावरांचा डॉक्टर गोठ्यावर बोलावण्याचा खर्च : 1962 या फोन क्रमांकाची सेवा, कानातला बिल्ला आणि लागणारी कागदपत्रे

रात्री गाय अडली, वासरू आडवे आले किंवा म्हशीचे पोट फुगले, की पशुपालक हाताला लागेल त्या डॉक्टरला फोन करतो आणि सांगितलेली रक्कम देऊन मोकळा होतो. त्या वेळी घासाघीस करण्याची कोणाचीच मनःस्थिती नसते. मात्र गोठ्यावरच्या भेटीच्या खर्चाचे तीन भाग असतात, ते म्हणजे डॉक्टरची फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि औषधांची किंमत. यांपैकी कोणता भाग कोणत्या सरकारी सोयीमुळे कमी होतो आणि त्यासाठी कोणते कागद हाताशी असावे लागतात, याची माहिती महाराष्ट्रातील पशुपालकांसाठी येथे दिली आहे. यांतील बहुतेक सोयींची पूर्वतयारी जनावर धडधाकट असतानाच करावी लागते, कारण आजारपणाच्या रात्री कार्यालये बंद असतात.

डॉक्टर कोण, हे आधी पाहावे

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. पदविका किंवा प्रमाणपत्रधारक पशुधन पर्यवेक्षकांना लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. मात्र त्यासाठी राज्य शासनाची परवानगी आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाचे मार्गदर्शन व देखरेख असावी लागते.

हा भेद खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खाजगी पशुवैद्यकाच्या फीचा सरकारी दर नसल्यामुळे ती ऐपत, अंतर आणि वेळ पाहून ठरते. गावात कमी पैशात 'सुई मारणारा' कोणीतरी सापडतोच. पण विम्याचा दावा असो वा वनविभागाकडची भरपाई, तेथे नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही आणि नोंदणी क्रमांक लागतो. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी नोंदणी नसलेल्या माणसाकडून उपचार करून घेतले आणि जनावर दगावले, तर पुढे दाखवायला एकही कागद उरत नाही. म्हणून खाजगी डॉक्टरकडूनही नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक आणि दिलेली औषधे लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी. डॉक्टर घरचाच आहे म्हणून ती मागायला संकोच करू नये.

कानातला बिल्ला : सगळ्या अर्जांची किल्ली

जनावराच्या कानात बसवलेल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो आणि तो केंद्र शासनाच्या 'भारत पशुधन' प्रणालीत मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. महाराष्ट्र शासनाने 1 जून 2024 पासून हा बिल्ला बंधनकारक केला आहे. बिल्ला नसलेल्या जनावराला शासकीय पशुवैद्यकीय संस्थांमधून सेवा देय नाही आणि त्याची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यांत ते मेले तरी शासनाकडून भरपाई मिळत नाही. कोणाला हा नियम जाचक वाटेल. प्रत्यक्ष तातडीच्या प्रसंगी डॉक्टर जनावराला तसेच सोडून जातील असे नव्हे, पण नियमाचे बोट दाखवायला जागा का ठेवावी, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

बिल्ल्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधार क्रमांक आणि चालू मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करावी. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी पथक गावात येते तेव्हाही हे काम होते. विकत घेतलेल्या जनावरांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. बिल्ला कानात असतो, पण प्रणालीत मालक म्हणून आधीच्याच माणसाचे नाव राहते. आजारपणात याने फारसे अडत नाही, भरपाईच्या वेळी मात्र सगळे अडते. त्यामुळे जनावर घरी आल्याच्या आठवड्यातच दवाखान्यात जाऊन मालकीची नोंद बदलून घ्यावी आणि बिल्ला तुटला किंवा हरवला असल्यास तोही नव्याने बसवून घ्यावा. प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि क्रमांक दिसेल असा डोक्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा.

1962 वर फोन : फिरते पशुवैद्यकीय पथक

गोठ्यावर येणारी सरकारी सेवा म्हणजे फिरते पशुवैद्यकीय पथक. केंद्राच्या पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमातून ही वाहने दिली जातात. वाहनाची खरेदी व जडणघडण यांसाठी प्रत्येकी 16 लाख रुपये केंद्र शासन देते आणि चालवण्याचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. प्रत्येक वाहनावर एक पशुवैद्यक, एक सहायक आणि एक चालक-परिचर असतो. रोगनिदान, उपचार, किरकोळ शस्त्रक्रिया, लसीकरण आणि कृत्रिम रेतन ही या पथकाची कामे आहेत. या सेवेमुळे पशुपालकाचा वाचतो तो मुख्यतः जाण्यायेण्याचा खर्च, आणि दूरच्या वाड्यावस्त्यांवर तोच सर्वांत जड असतो.

या सेवेसाठी जातीची, जमिनीची किंवा उत्पन्नाची अट नाही. जनावर पाळणारा कोणीही, भूमिहीन असला तरी, पात्र आहे. वेगळा लेखी अर्जही नाही, 1962 या टोल फ्री क्रमांकावर केलेला फोन हाच अर्ज. मात्र फोनवर नेमकी माहिती दिली तर पथकाला प्राधान्य ठरवता येते. गाव, वस्ती, तालुका आणि ओळखीची खूण सांगावी. जनावर कोणते, वय किती, गाभण आहे की दुभते, बिल्ल्याचा क्रमांक काय, त्रास कधीपासून आहे आणि त्याआधी कोणी काही औषध दिले आहे का, हेही सांगावे. 'गाय आजारी आहे' एवढ्याने काही कळत नाही. 'काल संध्याकाळी व्याली, जार अजून पडलेला नाही, वैरण खात नाही' असे सांगितले तर डॉक्टर योग्य औषधे घेऊन निघतो. तक्रार नोंदवल्याचा क्रमांक आणि फोनची वेळ लिहून ठेवावी.

पथक हाक मारल्याबरोबर येईलच, असे मात्र गृहीत धरू नये. योजनेचा निकष एक लाख पशुधनामागे एक वाहन असा आहे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील पशुधन सुमारे 3 कोटी 30 लाख होते, म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी एका वाहनाच्या वाट्याला लाखभर जनावरे येतात. प्रसूती अडणे, पोटफुगी, सर्पदंश, विषबाधा अशा तासांच्या हिशेबातल्या प्रसंगी 1962 वर फोन करून त्याच वेळी जवळच्या दवाखान्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यालाही (सरकारी पशुवैद्यकाला) कळवावे आणि कोणीच लवकर येण्याजोगे नसेल तर खाजगी पशुवैद्यक बोलवावा. दगडी (कासेचा दाह), लंगडणे, माजावर न येणे, जंत, कातडीचे विकार अशा दुखण्यांसाठी पथकाची वाट पाहणे परवडते. अर्थात दगडीच्या बाबतीतही वाट म्हणजे एखादा दिवस, आठवडा नव्हे; सडाला गाठ धरली की औषधाचा खर्च वाढतो आणि कधीकधी सडच जातो.

या सेवेचे शुल्क राज्य ठरवते. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशात 1962 च्या भेटीसाठी गाय-म्हशीमागे 150 रुपये शुल्क ठरवण्यात आले होते, त्यामुळे इंदूर-बऱ्हाणपूरकडच्या मराठी पशुपालकांनी तेथील दर पाहावेत. महाराष्ट्रात शासकीय व जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत नाममात्र सेवाशुल्क असते. त्याचा चालू दरफलक दवाखान्यात पाहावा आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पावतीशिवाय दिलेला पैसा सेवाशुल्क नव्हे, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवलेले बरे.

जे मुळातच मोफत आहे

लाळ्या-खुरकुताची लस आणि 4 ते 8 महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना एकदाच द्यायची सांसर्गिक गर्भपाताची लस या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत दिल्या जातात. त्यांसाठी पशुपालकाने पैसे देण्याचे कारण नाही. राष्ट्रीय गोकुळ मिशनच्या देशव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रमातही निवडलेल्या जिल्ह्यांत गोठ्यावर येऊन रेतन मोफत केले जाते. आपले गाव त्यात आहे का, हे दवाखान्यात विचारून घ्यावे. मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फिरती पथके देणाऱ्या पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमात 'पशु औषधी' हा घटक जोडून त्यासाठी 75 कोटी रुपयांची तरतूद केली. स्वस्त जेनेरिक, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी घटकाच्या नावाने विकली जाणारी, पशुऔषधे सहकारी संस्था आणि प्रधानमंत्री किसान समृद्धी केंद्रे यांच्यामार्फत विकण्याची ही योजना आहे. गोठ्यावरच्या बिलात औषधांचा वाटा अनेकदा फीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे चिठ्ठीवर औषधाच्या घटकाचे नाव लिहून मागण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.

जेथे उपचाराचा खर्च परत मिळतो

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्या जनावराच्या उपचाराचा खर्च वनविभाग परत देतो, हे फार थोड्या पशुपालकांना माहीत असते. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, रानकुत्री, मगर अशा शासनाने ठरवून दिलेल्या वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात गुरे मेली तर भरपाई मिळते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ऑगस्ट 2022 च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस किंवा बैल मेल्यास बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. मेंढी-शेळीसाठी ही मर्यादा 15,000 रुपये आहे. याच निर्णयात जखमी जनावराच्या औषधोपचाराचा खर्चही देय आहे. तो बाजारभावाच्या 25 टक्के किंवा 5,000 रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यापर्यंत मिळतो. मात्र उपचार शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत झालेले असले पाहिजेत. घाबरून खाजगी डॉक्टर बोलावला आणि सरकारी केसपेपर केलाच नाही, तर दावा येथेच कोसळतो. प्रथमोपचार कोणाकडूनही झाले तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्याला कळवून केसपेपर करून घ्यावा.

घटना कळल्यापासून 48 तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. जनावर मेले असेल तर पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नये, कारण जनावर ओढून नेल्याच्या खुणा, ठसे आणि जखमा हाच पुरावा असतो. अर्जासोबत पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, केसपेपर व औषधांच्या पावत्या, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि बिल्ल्यासह जनावराचे फोटो जोडावेत. दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी.

विमा : उपचाराचा नव्हे, मृत्यूचा

राष्ट्रीय पशुधन अभियानातील पशुविम्यात 2024 च्या सुधारणेनुसार पशुपालकाने हप्त्याच्या 15 टक्के रक्कम भरायची असते आणि उरलेली केंद्र व राज्य 60:40 प्रमाणात भरतात. योजना चांगली आहे, पण या विम्यातून डॉक्टरच्या भेटीचे पैसे मिळत नाहीत. तो जनावर दगावल्यावरचा आधार आहे. तरीही भेटीचे कागद येथेही उपयोगी पडतात, कारण उपचारांची नोंद, शवविच्छेदन अहवाल आणि कानातला बिल्ला नसेल तर विमा कंपनी दावा मान्य करत नाही. मृत्यूनंतर बिल्ला कापून फेकून देऊ नये आणि जनावर पुरण्याआधी कंपनीला व दवाखान्याला कळवावे.

पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड

हाताशी रोकड नसल्यामुळे डॉक्टरला उशिरा बोलावणे, हे जनावर दगावण्याचे नेहमीचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डाची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत कर्जाची मर्यादा ठरवताना चारा, मजुरी, पाणी व वीज यांच्यासोबत पशुवैद्यकीय उपचारांचा खर्चही धरावा, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे हे कर्ज जनावर विकत घेण्यासाठी नसून रोजच्या चालू खर्चासाठी आहे. 2 लाख रुपयांपर्यंत व्याज 7 टक्के असते आणि वेळेवर फेड केल्यास 3 टक्के सवलत मिळून ते 4 टक्के पडते. सावकाराच्या किंवा औषध दुकानाच्या उधारीशी तुलना केली तर हा फरक मोठा आहे.

वैयक्तिक पशुपालक, स्वयंसहायता गट आणि संयुक्त देयता गट (कर्जाची जबाबदारी एकत्र घेणारा गट) यासाठी अर्ज करू शकतात. गोठा स्वतःचा, भाड्याचा किंवा कराराने घेतलेला असला तरी चालतो, त्यामुळे सातबारा नसलेला पशुपालकही पात्र ठरतो. शाखेत 'सातबारा आणा' असे उत्तर मिळाले, तर पशुपालनाच्या कार्डाची ही तरतूद शाखाधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावी. अर्जासोबत आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक, जनावरांची संख्या व बिल्ल्यांचे क्रमांक दाखवणारा दवाखान्याचा दाखला, आणि डेअरीला दूध घालत असल्यास संस्थेकडील दूधबिलांचा उतारा द्यावा. हा उतारा परतफेडीची ऐपत दाखवतो, म्हणून जमीन नसलेल्यांनी तो आवर्जून जोडावा.

सहकारी दूध संघाचे सभासद असलेल्यांनी संघाची स्वतःची पशुवैद्यकीय सेवा आहे का, हेही विचारावे. कोल्हापूरच्या गोकुळसारखे संघ सभासदांच्या गोठ्यावर अशी सेवा देतात आणि तिचे शुल्क व नियम त्या त्या संघाचे असतात.

सेवा मिळाली नाही तर

फोन करूनही पथक आले नाही किंवा पावतीशिवाय पैसे मागितले गेले, तर आधी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकारी (विस्तार) यांच्याकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. सेवा जिल्हा परिषदेच्या नव्हे तर राज्याच्या दवाखान्याची असेल, तर तक्रार जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे जाते. तक्रारीत फोनची तारीख व वेळ, नोंदवलेला क्रमांक, बिल्ल्याचा क्रमांक आणि मागितलेली रक्कम लिहावी. तक्रारीच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारखेचा शिक्का घेऊन ती घरी ठेवावी.