चिठ्ठी की ट्यूब?

लालबाग-परळकडे नायटा घेऊन दवाखान्यात जा. एक डॉक्टर ट्यूब लिहून देईल; दोन गल्ल्या सोडून बसलेला दुसरा बघताक्षणी ‘स्किनवाल्यांना दाखवा’ म्हणत त्यांच्या नावे चिठ्ठी देईल. स्वभावाचा भाग असतोच. पण कोण केव्हा आणि काय शिकला, याचा वाटा मला मोठा वाटतो.

एकेकाळी चामडीच्या दुखण्यात धास्ती दोघांचीच: महारोग आणि गुप्तरोग. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ हे महारोग्यांचं रुग्णालय १८९० चं. तिथे माणूस पाठवणं म्हणजे त्याला घरातून उठवणंच, त्यामुळे चिठ्ठी देताना डॉक्टरचा हात अडखळायचा. १९८० च्या दशकात बहुऔषधोपचार आले, महारोग गोळ्यांनी बरा होऊ लागला. तरी त्या काळात शिकलेला डॉक्टर अजून फिकट चट्टा दिसला की कापसाचं टोक फिरवून ‘कळतंय का?’ विचारतो. नाही म्हटलंत की चिठ्ठी तयार. शिवाय ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी असलेल्या जिन्यावर चढताना कुणी पाहील, ही भीती रोग्याला वेगळीच.

बाकी नायट्याला कंपाउंडर डबीत व्हिटफील्डचं मलम भरून द्यायचा. आग व्हायची, पण गुण यायचा. मग स्टिरॉइडची मलमं आली आणि खाज दोन दिवसांत थांबू लागली. गिऱ्हाईक खूश, मग पाठवायचं कशाला?

त्यात एमबीबीएसला त्वचारोगाचा स्वतंत्र पेपर नाही, तो मेडिसिनमध्येच धरतात. आपले फॅमिली डॉक्टर तर कुणी एमबीबीएस, कुणी बीएएमएस, कुणी बीएचएमएस. आयुर्वेदवाल्यांना राज्याने १९९२ साली अ‍ॅलोपॅथीची मुभा दिली. वर्षभराचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायदा बदलला, त्यावरून भांडण चालूच आहे. तीन वाटांनी आलेल्यांची ‘हे आपल्या हातचं नाही’ची रेघ एकाच जागी कशी पडणार?

स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबांनी पुढे घोळ घातला. लावलं की नायट्याची कडा पुसट होते, बुरशी आत पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या कागदाशिवाय विक्री बंद. निदान नियमात तरी.

आणि मुंबईत चिठ्ठी लागतेच कुठे? केईएम रुग्णालयाच्या त्वचा ओपीडीच्या रांगेत कितीतरी जण थेट येतात, जांघेतला नायटा पोटापर्यंत गेल्यावर, खिशात अर्धी पिळलेली ट्यूब घेऊन.