लेबल कोणी लावायचे? संवेदनशील डेटाच्या शोधामागचा इतिहास

‘गोपनीय’, ‘अतिगोपनीय’ अशा पायऱ्या लष्करी कागदपत्रांतून आल्या. १९७३ मध्ये त्या संगणकाच्या भाषेत मांडल्या गेल्या : खालच्या पातळीवरून वरचे वाचायचे नाही, वरच्या पातळीवरून खाली लिहायचे नाही. कंपन्यांनी पायऱ्या उचलल्या, पण लष्करात कागदावर शिक्का मारणारा ठरलेला असतो, तसा माणूस बहुतेक कंपन्यांनी नेमलाच नाही.

कंपन्यांत संवेदनशील डेटा शोधण्याची खरी सुरुवात २००३-०४ ची. कॅलिफोर्नियात डेटा फुटल्यास संबंधितांना कळवणे २००३ पासून बंधनकारक झाले. २००४ च्या डिसेंबरमध्ये पेमेंट कार्डांचे सामाईक सुरक्षा मानक आले. कार्ड नंबर वाचता येईल अशा रूपात साठवायचा नाही आणि पडताळणी कोड व्यवहार मंजूर झाल्यावर अजिबात ठेवायचा नाही, असे त्याने सांगितले. मग प्रश्न आला, हे नंबर आपल्याकडे आहेत तरी कुठे? एक्सेलमध्ये, जुन्या बॅकअपमध्ये, लॉग फाइलमध्ये, कुणाच्या तरी ईमेलच्या अटॅचमेंटमध्ये. स्कॅनरची, म्हणजे फाइलींतून असा मजकूर शोधून काढणाऱ्या प्रोग्रामची, गरज वाढली ती इथे.

सुरुवातीचे स्कॅनर पॅटर्न, म्हणजे ठरावीक रचनेचा मजकूर, शोधत. सोळा आकडे सापडले की १९६० साली पेटंट मिळालेली बेरजेची चाचणी लावायची : उजवीकडून दुसऱ्या आकड्यापासून एकाआड एक आकडा दुप्पट करा, ९ च्या वर गेला तर ९ वजा करा, सगळ्यांची बेरीज १० ने भागली जाते का पाहा. ४१११ ११११ ११११ ११११ हा टेस्टिंगसाठी सर्रास वापरला जाणारा नंबर घेतला, तर बेरीज ३० येते, म्हणजे पास. पण कुठलेही सोळा आकडे घ्या, दहातून साधारण एकदा तेही पास होतात. इन्व्हॉइस नंबर सोळा आकडी असले, की अलर्टचा पूर येतो. म्हणून पुढे ‘एक्स्पायरी’सारखे शब्द आसपास आहेत का, सुरुवातीचे आकडे खऱ्या कार्डांच्या मालिकेतले आहेत का, अशा अटी आल्या आणि प्रत्येक सापडलेल्या नोंदीला खात्रीची पातळी जोडली गेली.

वाद पेटला तो लेबलवरून, म्हणजे फाइलीवर ‘गोपनीय’सारख्या वर्गाचा शिक्का कोणी मारायचा यावरून. एका बाजूचे म्हणणे, फाइल सेव्ह करतानाच कर्मचाऱ्याने वर्ग निवडावा, कारण मजकुराचा संदर्भ त्यालाच ठाऊक असतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, माणूस घाईत असतो, समोर जे आधीच निवडलेले असेल तेच तो ठेवतो, म्हणून लेबल मशीननेच लावावे. दोघांचेही अर्धे बरोबर होते. दरपत्रक, कराराचा मसुदा, विलीनीकरणाची टिपणी यांना पॅटर्न नसतो, त्यामुळे धंद्याचा सगळ्यात नाजूक डेटाच पॅटर्नवाल्या स्कॅनरच्या हातून निसटायचा. ग्राहकांच्या टेबलाचे हॅश (मूळ मजकुराऐवजी ठेवायचे सांकेतिक ठसे) बनवून नेमकी जुळणी करणे, नमुना कागदपत्रे देऊन क्लासिफायर (कागद कोणत्या वर्गाचा ते ओळखणारा प्रोग्राम) शिकवणे हे उपाय पॅटर्नच्या अशा उणिवांतून निघाले. माझ्या मते शोधायचे काम मशीनचे आणि वर्ग ठरवायचे काम ज्या विभागाचा डेटा आहे त्याचे. आयटी विभागाने एकट्याने वर्ग ठरवले, की बाकीचे विभाग त्यांना आपले मानत नाहीत. आणि पहिल्या दिवसापासून ब्लॉकिंग, म्हणजे फाइल पाठवणे किंवा शेअर करणे आपोआप अडवणे, चालू करणे तर साफ चूक आहे. आधी नुसती नोंद घेत राहायचे, खोटे अलर्ट छाटायचे, मग अडवायचे.

२५ मे २०१८ पासून युरोपचा डेटा संरक्षण कायदा (जीडीपीआर) लागू झाला आणि मागणी एकदम वाढली. माझा डेटा दाखवा, असे कुणी म्हटले तर साधारण महिन्याभरात द्यायचा, आणि गळतीची माहिती नियामकाला शक्यतो ७२ तासांत कळवायची. आपल्याकडे काय आहे हे माहीत नसताना दोन्ही अशक्य. तोवर फाइली क्लाउड स्टोरेजमध्ये आणि डझनभर ऑनलाइन सेवांमध्ये पसरल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक संगणकावर एजंट (छोटा प्रोग्राम) बसवण्याऐवजी एपीआयने, म्हणजे त्या सेवेनेच दिलेल्या जोडणीच्या मार्गाने, जोडून स्कॅन करणे रूढ झाले.

२०२३ पासून एआय सहायक कंपनीच्या फाइलींतून उत्तरे देऊ लागले. वापरणाऱ्याला ज्या फाइलीची परवानगी आहे ती सहायक वाचतो, आणि ‘सगळ्यांना’ शेअर केलेले पगाराचे विसरलेले फोल्डर साध्या प्रश्नाला वर येऊ शकते. म्हणून आता लेबलच्या आधी परवानग्या तपासल्या जातात. खुद्द स्कॅनरच्या लॉगिन खात्याला तर सगळीकडचे वाचता येते आणि त्याच्या अहवालात सापडलेल्या मजकुराचे नमुने असतात. ते नमुने झाकलेले ठेवणे आणि त्या खात्याचा पासवर्ड ठरावीक काळाने बदलणे हे सेटअपच्या यादीत बरेचदा शेवटी लिहिलेले असते. ते पहिल्या ओळीत हवे.